खरी एरर की झिजलेली डाय? नाणं हातात घेऊन कसं ठरवायचं

एक रुपयाच्या नाण्यावर 'भारत'मधलं एखादं अक्षर दुहेरी दिसतं, सिंहांच्या बाजूने एक बारीक रेघ काठापर्यंत गेलेली असते, किंवा सालाखालची चांदणी, म्हणजे टाकसाळीची खूण, जागेवर नसते. मग मनात येतं, ही टाकसाळीची चूक असेल का? त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: हे झालं कधी? चकती कापताना, डाय (नाण्यावर चित्र आणि अक्षरं उमटवणारा पोलादी ठसा) बनताना, डाय झिजताना, ठोका पडताना, की नाणं टाकसाळीबाहेर आल्यावर? संग्राहक ज्याला एरर म्हणतात ती बहुतेक चकतीत, डाय बनताना किंवा ठोक्यात घडते. डाय झिजणं हा कारखान्याचा रोजचा भाग आहे. बाहेर आल्यावर जे होतं त्याला नुकसान म्हणायचं, आणि ते मुद्दाम केलेलं असेल तर फसवणूक.

याचं उत्तर नाण्यावरच लिहिलेलं असतं, कारण ठोका पडताना धातू सरकतो. तो कुठून कुठे सरकला हे वाचता आलं की बहुतेक शंका पाच मिनिटांत मिटतात.

नाणं बनतं कसं

धातूच्या पट्टीतून पंचने गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, कडेने दाबून त्यांचा काठ किंचित उचलतात, धुऊन स्वच्छ करतात आणि प्रेसमध्ये सोडतात. तिथे एक डाय खाली, एक वर आणि भोवती पोलादी कडं असतं. या कड्याला कॉलर म्हणतात. ठोका पडला की धातू तीन बाजूंना पळतो: खालच्या डायच्या खोलगट भागात, वरच्या डायच्या खोलगट भागात आणि बाहेर कॉलरकडे. कॉलर त्याला अडवते म्हणून नाणं गोल राहतं आणि काठ नेटका येतो.

डायवर सगळं उलटं असतं. अक्षरं खोल आणि आरशातल्यासारखी, तर नाण्याचं सपाट मैदान हा डायचा सगळ्यात उंच भाग. म्हणून डायमधून काही तुटून गेलं तर नाण्यावर तिथे उंचवटा येतो. डायमध्ये काही भरलं, म्हणजे तेल, वंगण किंवा धातूचा चुरा, तर नाण्यावर तिथे अक्षर पुसट होतं किंवा उमटतच नाही. रेघ उंच असेल तर ती डायवरून आलेली असण्याची शक्यता मोठी. खोल असेल तर कुणीतरी खरवडलं आहे, किंवा ठोक्याच्या वेळी तार, धागा असं काही मध्ये आलं होतं. हे नुसत्या डोळ्यांना फसवं दिसतं. प्रकाश एका बाजूने आला की खड्डा उंचवट्यासारखा भासतो. नाणं हळूहळू पूर्ण गोल फिरवून सावली कुठल्या बाजूला पडते ते बघा.

काय लागेल

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारा व्हर्निअर, एक लोहचुंबक आणि मान वळणारा टेबलावरचा दिवा. काट्याबरोबर प्रमाणित वजन घ्या आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला काटा तपासा. बॅटरी उतरली की स्वस्त काटे दहा-वीस शतांश इकडेतिकडे दाखवतात, आणि तेवढ्यावर 'पातळ चकती'ची खोटी एरर जन्माला येते. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि नाणं भिंगाकडे आणायचं. वीसपट किंवा त्याहून मोठ्या भिंगाच्या मागे सुरुवातीला लागू नका. त्यातून प्रत्येक नाणं सदोष दिसतं.

सगळ्यात उपयोगी साधन मात्र फुकट आहे: त्याच सालाची, त्याच टाकसाळीची आणखी दहा-वीस साधी नाणी. दोष दोन वेगळ्या नाण्यांवर अगदी त्याच जागी, त्याच आकारात दिसला तर तो डायचा, कारण डाय स्वतःची नक्कल करत जाते. दोष एकाच नाण्यावर असेल तर तो चकतीचा, ठोक्याचा किंवा नंतरच्या नुकसानीचा.

नेहमी लागणारी वजनं पाठ असू द्या. 1992 ते 2004चा स्टीलचा रुपया 25 मिमी, 4.85 ग्रॅम. त्याच काळातले अकराकोनी दोन रुपये 26 मिमी, 6 ग्रॅम. तांबे-निकेलचे जाड पाच रुपये 23 मिमी, 9 ग्रॅम. 1988नंतरचे स्टीलचे पन्नास पैसे 22 मिमी, 3.79 ग्रॅम आणि गेंड्याचे पंचवीस पैसे 19 मिमी, 2.83 ग्रॅम. 2011च्या मालिकेत रुपया 22 मिमी आणि 3.79 ग्रॅमवर आला, तर दोन रुपये 25 मिमी, 4.85 ग्रॅम झाले. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं 27 मिमी, 7.71 ग्रॅम. स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलची चिकटत नाहीत.

झिजलेली डाय ओळखणं

आपल्याकडे या खुणा इतक्या सापडतात त्यामागे कारण आहे. 1988पासून रोजच्या चलनात स्टेनलेस स्टील आलं. ते तांबे-निकेलपेक्षा कठीण, त्यामुळे डायवर ताण जास्त येतो. डाय लवकर झिजते, लवकर तडकते, आणि नाणी कोट्यवधींनी पाडायची असल्यामुळे ती शेवटपर्यंत वापरली जाते.

झीज दिसते ती मुख्यतः काठाकडे. प्रत्येक ठोक्याला धातू मध्यापासून बाहेर पळतो आणि डायच्या पृष्ठभागावर बारीक चर पाडतो. नाण्यावर त्या मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या किरणांसारख्या रेघा दिसतात. दिवा अगदी खाली, नाण्याच्या पातळीपासून 15-20 अंशांवर आणा, मग त्या उठून दिसतील. मैदान गुळगुळीत न राहता संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत होतं. अक्षरांच्या काठाकडच्या बाजू वितळल्यासारख्या पसरतात, पण मध्याकडच्या बाजू बऱ्यापैकी शाबूत राहतात.

'भारत' हा शब्द भिंगाखाली धरा, कारण देवनागरी अक्षरं झिजेची फार छान साक्ष देतात. नव्या डायच्या नाण्यावर शिरोरेषेला दोन स्वच्छ कडा असतात आणि 'भ'च्या गाठीतली मोकळी जागा स्पष्ट दिसते. डाय झिजत गेली की शिरोरेषेची काठाकडची कड फुगते, 'त'चा बाक आणि दांडा यांच्यामधली फट भरत येते, आणि अक्षराला धुरकट झालर लागते. या झालरीला लोक 'डबल डाय', म्हणजे बनतानाच दुहेरी झालेली डाय, समजतात. तिच्यात दुसरं अक्षर कुठेच नसतं. ती एका उतारासारखी मैदानात मिसळत जाते.

चलनातली झीज वेगळी. नाणं खिशात, गल्ल्यात घासलं जातं तेव्हा सगळ्यात उंच भाग आधी सपाट होतात: सिंहांच्या छाती, आयाळीचे उंचवटे, नाण्याची कड. ते भाग चकचकीत किंवा करडे दिसतात, खाली मैदानाजवळचं बारीक काम मात्र टिकून राहतं. डाय झिजलेल्या नाण्यावर नेमकं उलट घडू शकतं. नाणं अगदी कोरं, झळाळी पूर्ण, पण काठाजवळची अक्षरं विरघळलेली. झळाळी आहे आणि तपशील नाही, असं दिसलं की डाय किंवा ठोका. झळाळीही नाही आणि तपशीलही नाही, तर बाजार फिरून आलेलं नाणं.

कमी दाबाच्या ठोक्याची खूण तिसरीच. दोन्ही बाजूंना एकाच जागी खोल काम असेल तर धातू अपुरा पडतो. एकीकडे मोठा अंक आणि त्याच्या पाठीमागे सिंहांचा मधला भाग, अशा ठिकाणी हे दिसतं. तिथे चकतीवरचे मूळ बारीक ओरखडे न दबता तसेच राहिलेले असतात. ते दिसले की झिजेचा प्रश्न संपला.

दुहेरी अक्षरं: सगळ्यात जास्त फसगत इथे

दुहेरी दिसणं चार वेगळ्या कारणांनी होतं, आणि त्यातली शेवटची दोनच मौल्यवान आहेत.

पहिलं, वर सांगितलेली झिजेची झालर.

दुसरं, यंत्राचा धक्का. ठोका पडून झाल्यावर ढिली डाय किंचित सरकते आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड खाली ढकलते. अक्षराच्या बाजूला एक चपटी पायरी तयार होते. ही पायरी मैदानाच्या जवळ, सपाट आणि बहुधा चकचकीत असते. ती अक्षराचाच भाग खाऊन बनलेली असते, म्हणून उरलेलं अक्षर नेहमीपेक्षा बारीक होतं. सगळी अक्षरं एकाच दिशेला सरकलेली दिसतात. आपल्या रुपया-दोन रुपयांवर हे इतकं सर्रास आहे की त्याला दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊ नये.

तिसरं, खरी डबल डाय. डाय बनवताना मूळ ठशाने ती एकापेक्षा जास्त वेळा दाबली गेली आणि मधे जागा हलली, म्हणजे चूक डायच्या जन्मातच झाली. अशा डायवर दोन्ही प्रतिमा खोल कोरलेल्या असतात, त्यामुळे नाण्यावर दोन्ही उंच आणि गोलसर माथ्याच्या येतात. अक्षर बारीक न होता जाड होतं. सगळ्यात विश्वासाची जागा म्हणजे टोकं. 'भ', 'त' आणि काना यांच्या दांड्यांची खालची टोकं बघा. खऱ्या डबल डायमध्ये टोक दुभंगलेलं असतं आणि दोन टोकांमध्ये छोटी खाच दिसते. धक्क्याच्या दुहेरीत टोक एकच असतं आणि बाजूला पायरी असते. आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ही खूण हुबेहूब येणार, म्हणून दुसरं तसंच नाणं सापडल्याशिवाय 'डबल डाय' असं पाकिटावर लिहू नका.

चौथं, दुहेरी ठोका. नाणं प्रेसमधून पूर्ण बाहेर पडलं नाही आणि पुन्हा मार बसला. दुसऱ्या ठोक्याने पहिली प्रतिमा चेपलेली असते, पण तिचे अवशेष शाबूत अक्षरांच्या मधून डोकावतात. मधे नाणं सरकलं असेल तर दोन प्रतिमांमध्ये चांगलं अंतर असतं आणि आकारही बिघडतो. ही खरी एरर आहे आणि नुसत्या डोळ्यांनीही कळते. वजन मात्र पूर्ण भरायला हवं.

तडे आणि तुटलेली डाय

डायला तडा गेला की नाण्यावर उंच, नागमोडी रेघ येते. ती अक्षरांच्या वरून, मैदानातून, पुन्हा अक्षरावर अशी सलग जाते आणि बऱ्याचदा काठाला भिडते. सुरुवातीचा केसासारखा तडा ही झिजेचीच पुढची पायरी. तो जमवायला छान, विकायला नाही. तडा रुंद होत गेल्याचे टप्पे दाखवणारी चार-पाच नाणी एका डायची मिळाली तर ती मालिका मात्र खरंच बघण्यासारखी असते.

तडा काठाला दोन ठिकाणी भिडून मधला तुकडाच निखळला तर नाण्यावर काठालगत धातूचा एक फुगवटा येतो, त्यावर काहीही कोरलेलं नसतं. संग्राहक त्याला इंग्रजी शब्दाने 'कड' (cud) म्हणतात आणि ती मानाची एरर आहे. इथे नाणं उलटं करून बरोबर त्याच्या मागची जागा बघा. धातू समोरच्या पोकळीत पळाल्यामुळे मागचं कामही तिथे अशक्त उमटलेलं असतं. मागची बाजू ठणठणीत असेल तर फुगवटा डाग देऊन चिकटवलेला असू शकतो. रंगात फरक, कडेला सूक्ष्म फट, टोचल्यावर मऊ लागणं या त्याच्या खुणा.

दोन डाय मधे चकती नसताना एकमेकींवर आदळल्या तर एकीची बाह्यरेषा दुसरीवर उमटते. मग सिंहांच्या भोवतालच्या मैदानात मागच्या अंकाची उलटी, फिकट रूपरेषा दिसते. ती खरी आहे का हे ताडायला पारदर्शक कागदावर मागची बाजू गिरवा, कागद उलटा करून पुढच्या बाजूवर ठेवा. रेषा जुळल्या पाहिजेत.

भरलेली डाय आणि टाकसाळीची खूण

हा भाग नीट वाचावा, कारण अर्ध्याहून जास्त चुकीच्या नोंदी इथून येतात. सालाखालची खूण टाकसाळ सांगते: मुंबईची चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. जुन्या काही नाण्यांवर मुंबईचं रोमन 'बी' आणि हैदराबादची दुभंगलेली किंवा मधे ठिपका असलेली चौकटही मिळते. खास संग्राहकांसाठी काढलेल्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर 'एम' असतो.

आता डायमधल्या चांदणीच्या खळग्यात वंगण आणि चुरा साचला तर हैदराबादचं नाणं कोलकात्याचं दिसायला लागतं. तिरक्या उजेडात त्या जागी चांदणीचं एखादं टोक, निदान एक पुसट गोळा दिसतो. शेजारचा सालाचा अंकही अर्धवट भरलेला असतो. कोलकात्याच्या खऱ्या नाण्यावर ती जागा बाकी मैदानासारखीच स्वच्छ असते.

उलटही होतं. डायची कपची उडाली की नाण्यावर छोटा ठिपका येतो, आणि कोलकात्याचं नाणं नोएडाचं वाटतं. नोएडाचा ठिपका गोल, गुळगुळीत माथ्याचा आणि सालाच्या बरोबर मध्याखाली असतो. कपचीचा ठिपका वेडावाकडा, कडेला तुटका आणि बहुतेक वेळा अंकाला किंवा तड्याला चिकटलेला.

पूर्ण शब्द किंवा अंक नाहीसा झाला असेल तर बाजारात त्याला चांगली मागणी असते, आणि म्हणूनच अक्षर घासून काढण्याचे प्रकार होतात. वंगणाने भरलेल्या जागेवर पृष्ठभाग थोडा दाणेदार, पण सलग असतो आणि झळाळी आसपासच्या भागात मिसळून जाते. घासलेल्या जागी समांतर बारीक रेघा दिसतात आणि तो भाग आजूबाजूच्या मैदानापेक्षा खोल गेलेला असतो. बोटाने नाही कळत. तिरका उजेड आणि भिंग लागतंच.

फिरलेली डाय

स्वतंत्र भारताच्या चलनी नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाणं वर आणि खाली दोन बोटांत धरून उभ्या आसाभोवती फिरवलं तर मागचा अंक सरळ दिसला पाहिजे. डाय तिच्या धारकात ढिली झाली की ती फिरते आणि अंक तिरका येतो. मोजण्यासाठी जाड पुठ्ठ्यात नाण्याच्या मापाचं भोक पाडा, सिंहांची मध्यरेषा पुठ्ठ्यावरच्या उभ्या रेषेशी जुळवून नाणं बसवा, पुठ्ठा उलटा करा आणि कोनमापक लावा. 15 अंशांपर्यंतची फिरकी सोडून द्या, ती नेहमीचीच. 90 किंवा 180 अंश असेल तर जपून ठेवा. फिरकी बनावट करायची तर दोन नाणी कापून जोडावी लागतात. तसं असल्यास कडेच्या आतून बारीक सांधा दिसतो आणि फरशीवर हलकेच टाकल्यावर नाद बद्द येतो. दोन्ही बाजूंना सिंह असलेलं 'दुर्मीळ' नाणं पुढे आलं तर आधी हाच सांधा शोधा. जादूगारांच्या सामानात अशी नाणी असतात.

चकतीचे आणि ठोक्याचे दोष

ठोका मध्याला न पडता बाजूला पडला तर चंद्रकोरीसारखा भाग कोरा राहतो. अशा नाण्याचं वजन पूर्ण असतं, कारण धातू कुठेही गेलेला नाही. 25 मिमीच्या स्टीलच्या रुपयावर हा काटा 4.85च्या आसपासच थांबला पाहिजे. घासून केलेल्या नकलेत वजन घटतं. कॉलरशिवाय पडलेला ठोकाही असाच: नाणं पसरून व्यास वाढतो, काठ उभा राहत नाही, वजन तेवढंच. हातोड्याने पसरवलेल्या नाण्याचा व्यासही वाढतो, पण त्यावर अक्षरं चेपलेली असतात. खऱ्या पसरट नाण्यावर ती मोठी असतील, चेपलेली नसतील.

कुरतडलेलं नाणं, म्हणजे क्लिप, हा नवशिक्यांचा आवडता प्रकार आणि फसवणाऱ्यांचाही. पट्टी पुरेशी पुढे न सरकता पंच पुन्हा पडला की आधीच्या भोकाचा बाक नव्या चकतीत शिरतो. 25 मिमीच्या रुपयाला 3 मिमी खोल बाक पडला तर साधारण पाच टक्के धातू जातो आणि वजन सुमारे 4.6 ग्रॅम भरतं. पण कानशीने कापलं तरी वजन तेवढंच घटेल, म्हणून काट्यावर थांबू नका. बाकाच्या बरोबर समोरचा काठ बघा. चकतीचा काठ दाबून उचलताना एका बाजूला आधार नसल्यामुळे समोरची कड अशक्त किंवा नाहीशी असते. नंतर बाकाजवळची अक्षरं बघा. खऱ्या क्लिपवर धातू मोकळ्या बाजूला ओढला गेल्यामुळे ती ताणलेली, पुसट होत गेलेली दिसतात. कानशीच्या कामात अक्षर धारदार असतं आणि मधेच छाटलेलं. समोरची अशक्त कड प्रत्येक खऱ्या क्लिपवर असतेच असं नाही, पण ताणलेली अक्षरं मात्र सहसा चुकत नाहीत.

चुकीच्या चकतीवरचा ठोका तपासताना वजन कसं दगा देतं याचं एक उदाहरण. 2011च्या मालिकेतल्या दोन रुपयांची डाय एक रुपयाच्या चकतीवर पडली तर नाणं 3.79 ग्रॅमचं येईल. आता कुणी साधं दोन रुपयांचं नाणं 25 मिमीवरून 22 मिमीपर्यंत गोल घासलं तर? क्षेत्रफळ 77 टक्क्यांवर येतं आणि वजन सुमारे 3.75 ग्रॅम. काट्यावर दोन्ही जवळजवळ सारखी. फरक कडेवर आहे. लहान चकती कॉलरपर्यंत पोचलेली नसते, म्हणून तिची कड गोलसर, आपली मूळ घडण घेऊन असते आणि अक्षरं कडेकडे विरत जातात. घासलेल्याची कड सपाट, रेघांची आणि अक्षरं छाटलेली.

ब्रॉकेज

आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर ठोकली गेली की एका बाजूला नेहमीची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूला तीच प्रतिमा, उलटी आणि खोल. बाजारात अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. 'तीच प्रतिमा' हे शब्द महत्त्वाचे. पुढे उंच सिंह असेल तर मागे खोलगट, आरशातला सिंह हवा आणि मागची मूळ रचना तिथे नसायला हवी.

नकली लखी पकडशेगड्यात, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसमध्ये, होते. दोन नाणी एकत्र ठेवून आवळली की एकाची अक्षरं दुसऱ्यात उलटी घुसतात. पण मूळ उंच रचना जात नाही, ती फक्त चपटी होते, आणि तिच्यावर खोल उलटी अक्षरं चढलेली दिसतात. जुनी ॲल्युमिनियमची पैशांची नाणी मऊ असल्याने हा उद्योग त्यांच्यावर सोपा जातो. म्हणून पाच, दहा, वीस पैशांचं असं नाणं हातात आलं की मागची मूळ बाजू पूर्ण गायब आहे का, एवढंच आधी तपासा.

दहा रुपयांचा गाभा

बाहेरचं कडं आणि आतला गाभा ठोक्याच्या दाबानेच एकमेकांत अडकतात. गाभा नसतानाच ठोका पडला तर कड्याचा धातू आतल्या मोकळ्या जागेत पसरतो. भोक थोडं लहान, आतली कड गोलसर. ठोक्यानंतर गाभा ठोकून काढला असेल तर आतली भिंत सरळ असते, गाभ्याने पाडलेला चर तिच्यावर दिसतो आणि कुठेतरी उचकटल्याची जखम असते. गाभा एका बाजूला सरकलेला असेल तर रचना सांध्यावरून सलग गेली पाहिजे. सांध्यापाशी रेषा तुटून पुढे वेगळ्या जागी सुरू होत असतील तर तो नंतर बसवलेला आहे.

शिवराईला ही फूटपट्टी लावू नका

वर सांगितलेलं सगळं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी आहे. शिवराई हाताने पाडलेली. चकती ठशाच्या मापाची नसे, म्हणून 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर बाहेर जाणं, ठसा एका बाजूला पडणं, चकती ओबडधोबड असणं हे त्या नाण्याचं स्वाभाविक रूप आहे. 'ऑफ सेंटर एरर' म्हणून शिवराई चढ्या भावाने कुणी देऊ लागला तर घेऊ नका. तिथे उलट ज्यावर जास्त अक्षरं उतरली आहेत तीच जास्त मोलाची.

ठरल्यानंतर

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी झळाळी जाते, आणि झळाळी हाच झीज की ठोका याचा पुरावा होता. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवा चिकट थर तांबे-निकेलवर बसतो.

किमतीबाबत: 2012च्या वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांना लाखो मिळतात, अशा जाहिराती फिरत असतात. ते नाणं एररही नाही आणि तेवढं दुर्मीळही नाही. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आपलं नाव वापरून शुल्क किंवा कमिशन मागितलं जातं, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्ये दिला होता. विकण्याआधी पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा. आणि एरर 'बनवून' बघण्याच्या फंदात पडू नका. 2011च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे.

नोंद करताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचा एक, असे तीन फोटो काढा, दिवा एकाच बाजूला ठेवून. पाकिटावर मूल्य, साल, टाकसाळ, वजन, व्यास आणि दोष दिसणारी जागा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे लिहा: 'एक रुपया, 1998, नोएडा, 4.84 ग्रॅम, 25 मिमी, सिंहांच्या बाजूला 4 वाजता काठापासून आत जाणारा उंच तडा, जोडीचं नाणं: एक'. दोषाला काय म्हणायचं ते शेवटी, पेन्सिलने लिहा. जोडीचं दुसरं नाणं सापडलं की ते बऱ्याचदा बदलावं लागतं.